दोन वाजताचं रीडिंग

१

आमच्या टेकडीवर करमणूक म्हणून काही नाही. एक बसकी दोन खोल्यांची इमारत, बाजूला तारेच्या कुंपणातलं आवार, आणि आवारात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी पेटी. पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारतो, "कबुतरं पाळलीत वाटतं?" मी सव्वीस वर्षं या प्रश्नाला तोंडभर हसत आलोय. हवामान केंद्रातल्या निरीक्षकाला विनोदाच्या बाबतीत फारशी निवड नसते.

पेटीच्या चारी बाजूंना लाकडी झडपा आहेत, वारा आत खेळावा पण ऊन लागू नये म्हणून. आत दोन थर्मामीटर. एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं, त्याचं टोक पाण्याच्या वाटीत. फडक्यातलं पाणी उडतं तसा गारवा येतो, म्हणून ओल्याचा पारा कोरड्यापेक्षा खाली राहतो. हवा कोरडी असली की दोघांत अंतर जास्त. दमट होत गेली की अंतर आटतं, आणि अंतर भराभर आटायला लागलं की आम्ही कान टवकारतो. फार तर दोघं बरोबरीला येतात. ओला कोरड्याच्या वर मात्र जात नाही. ते शक्यच नाही.

रीडिंग आठ, अकरा, दोन आणि पाचला. मला हे काम मास्तरांनी शिकवलं. ते मास्तर नव्हते, माझ्यासारखेच निरीक्षक, मला दहा वर्षांनी सीनियर. पण काटेकोरपणामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पेटीसमोर उभं केलं आणि सांगितलं, "दार उघडलं की श्वास बंद. आकडा बघायचा, दार लावायचं, मग श्वास सोडायचा. तू हवा मोजायला आलायस, स्वतःला नाही." माणसाचा श्वास गरम आणि ओला असतो, फडक्यावर पडला की पारा चढतो. मास्तरांना मी कधी पेटीपाशी श्वास सोडताना पाहिलं नाही.

दुसरा नियम रजिस्टरचा. लिहिलेला आकडा खोडायचा नाही. चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, वर खरा आकडा लिहायचा आणि शेजारी दोन सह्या. एक दुरुस्ती करणाऱ्याची, एक चूक करणाऱ्याची.

तिसरी गोष्ट नियम नाही, नुसती सवय. टेकडीखाली धक्का आहे. तिथून सव्वादोनला लाँच खाडीपलीकडे जाते. निघण्याआधी लाँचवाला मला फोन करतो आणि विचारतो, "साहेब, जाऊ का?" मी दोनचं रीडिंग बघून म्हणतो, "जा." हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही, पण त्याने फोन केला नाही असा दिवस नाही. माझी मुलगी पलीकडच्या इस्पितळात नर्स आहे. तिची ड्यूटी तीनला असते, तीही त्याच लाँचने जाते. तिचं नाव काहीही असो, घरात ती ठमी.

त्या मंगळवारी दोन वाजता मी पेटी उघडली. कोरडा एकतीस पूर्णांक चार. ओला छत्तीस पूर्णांक आठ.

मी दार लावलं, श्वास सोडला, चष्मा पुसला आणि पुन्हा उघडलं. छत्तीस पूर्णांक आठच.

२

थर्मामीटर बिघडतो. पारा तुटतो, काचेत बुडबुडा अडकतो. याच्यात घाबरण्यासारखं काय आहे? मी लाँचवाल्याला "जा" म्हणालो, कारण आभाळ स्वच्छ होतं, आणि मग कपाटातून नवा थर्मामीटर काढून बसवला. फडकं बदललं, वाटी धुऊन पाणी बदललं. पाच वाजता सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी आठला ठीक, अकराला ठीक. दोनला पुन्हा छत्तीस आठ.

गुरुवारीही तेच. शुक्रवारी मी पावणेदोनपासून पेटीसमोर उभा राहिलो. पावणेदोनला ओला पंचवीसवर होता. दोनला दोन मिनिटं असताना तो चढायला लागला, सावकाश, न थांबता, आणि छत्तीस आठवर येऊन टेकला. अडीचला पुन्हा खाली आला.

रजिस्टरमध्ये हे लिहायचं कसं? मुख्य कार्यालयातून लगेच फोन आला असता, "अहो, तब्येत बरी आहे ना?" मग मी अकराच्या आकड्यावरून अंदाज बांधून काहीतरी शोभेलसं लिहून टाकलं. वाटलं, यंत्राची चूक आहे, ती हवेच्या माथी कशाला मारायची.

शनिवारी जेवताना मी सहज विषय काढला. बायको म्हणाली, "कामाचं घरी आणू नका हो, भात गार होतोय." ठमीने मात्र कान दिला.

"किती दाखवतो म्हणालात?"

"छत्तीस पूर्णांक आठ. रोज तेवढंच. न कमी, न जास्त."

"मग नॉर्मल आहे की." ती हसली. "बाबा, वॉर्डात रोज मी हाच आकडा लिहिते. छत्तीस आठ म्हणजे माणूस धडधाकट. ताप नाही, काही नाही."

बायकोही हसली. मीही हसलो असणार, पण भात ताटात तसाच राहिला.

३

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

आमच्या धंद्यात खुर्चीतलं रीडिंग नावाचा प्रकार असतो. बाहेर पाऊस असतो, ऊन असतं, कंटाळा असतो. मग माणूस खुर्चीतून न उठता मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा लिहून मोकळा होतो. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो बरोबर येतो. हवा तशी सरळमार्गी असते.

आमची इमारत मोठी लबाड बांधली आहे. माझ्या खुर्चीसमोरच्या खिडकीतून खाडी दिसते, डावीकडच्या खिडकीतून पेटी. पश्चिम मात्र भिंतीआड. त्या बाजूचं आभाळ बघायचं तर पेटीपर्यंत चालत जावं लागतं. ज्याने ही इमारत बांधली त्याला आमची जात माहीत असावी.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी भुरभुर पाऊस होता. मी जेवून खुर्चीत पेंगत होतो. दोन वाजले. छत्री कोण शोधणार, म्हणून मी खुर्चीतूनच आकडे लिहिले. मास्तर आतल्या खोलीत महिन्याचा तक्ता पुरा करत होते. त्यांची पाळी दोनला संपायची, आणि ते पलीकडच्या काठावर राहायचे. पिशवी घेऊन ते दारात आले.

"दोनचं घेतलंस?"

"घेतलं, मास्तर. सगळं शांत आहे."

त्यांनी रजिस्टरवर वाकून आकडे बघितले. त्यांच्या खिशाला नेहमीचं शाईचं पेन होतं, टोपणाची पट्टी तुटलेली म्हणून दोऱ्याने बांधलेलं. "बरं," म्हणाले आणि गेले. दहा मिनिटांनी लाँचवाल्याचा फोन आला. मी म्हणालो, "जा."

थंड हवेची आघाडी येते तेव्हा जड हवा गरम हवेच्या बुडाशी पाचरीसारखी घुसते. गरम हवा वर फेकली जाते आणि तिथे ढगांची भिंत उभी राहते. भिंतीच्या पुढे वाऱ्याचा एक लोट धावत असतो. तो लोट अडीचला खाडीवर आला. लाँच उलटली. लाँचवाल्यासकट सगळ्यांना बाहेर काढलं, एक मास्तर सोडून. ते सापडलेच नाहीत.

चौकशी झाली. साहेबांनी रजिस्टर उघडलं, दोन वाजताच्या चौकटीतले सुबक आकडे बघितले आणि लिहिलं की वादळाची कोणतीही पूर्वसूचना नव्हती, निरीक्षकाकडे दोष जात नाही. लाँचवाला मला म्हणाला, "आभाळ फिरलं, साहेब. तुम्ही तरी काय करणार." तेव्हापासून तो माझ्यावर आणखीनच विश्वास टाकतो.

४

सोमवारी दोन वाजता मी पेटीपाशी गेलो. कडी काढली, श्वास रोखला, दार उघडलं. छत्तीस आठ. मी तसाच उभा राहिलो. वारा पडलेला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. पण ओल्या थर्मामीटरचं फडकं हलत होतं. थोडं माझ्याकडे यायचं, थांबायचं, परत मागे जायचं.

मी अजून श्वास रोखूनच होतो. कान गच्च झाले होते. त्या शांततेत मला ऐकू आलं. नाकाने सावकाश घेतलेला आणि तोंडाने सोडलेला श्वास, जिना चढून आलेल्या वयस्कर माणसाचा असतो तसा. माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर.

पेटीच्या मागच्या झडपांच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसतो. उजेडाच्या बारीक आडव्या रेघा. त्यातल्या चार रेघा काळ्या होत्या, बरोबर माझ्या तोंडाच्या उंचीवर. पलीकडून कोणीतरी झडपांना तोंड टेकून उभं असावं तशा.

दार न लावताच मी वळसा घालून मागे गेलो. कोणी नव्हतं. गवत आडवं झालं होतं आणि ओलं होतं. आठ दिवसांत पावसाचा थेंब नव्हता.

मला माझ्या बुद्धीची लाज वाटली. सव्वीस वर्षं मी आकड्यांवर जगलोय. बायको देवाला हात जोडते तेव्हा मी वर्तमानपत्र उघडतो. मी स्वतःला समजावलं की कुत्रं लोळलं असेल, उन्हात डोळ्यांपुढे अंधारी येते, कान गच्च झाले की स्वतःचंच रक्त वाहताना ऐकू येतं. सगळं पटत होतं. तरी मंगळवारी दोन वाजले तेव्हा माझे पाय खुर्चीखालून हलेनात. पाचच्या रीडिंगला मी मुकाट्याने जायचो. दोनला नाही.

डावीकडच्या खिडकीला मी पडदा लावला. घरातली जुनी चादरच ती, खिळ्याला अडकवली. आणि दोनचे आकडे मी खुर्चीतून लिहायला लागलो. मनाला सांगितलं, चार दिवस, नवीन थर्मामीटर मागवलेत ते येईपर्यंत. मास्तर गेल्यानंतर पुन्हा असं करणार नाही अशी मी शपथ घेतली होती. ती मी भीतीने मोडली. आळसाने मोडणं बरं होतं, असं वाटण्याइतकी ती भीती शरमेची होती.

५

आमच्याकडे आठ महिन्यांपूर्वी एक नवी निरीक्षक आली. हुशार मुलगी, पदवी भौतिकशास्त्राची, नकाशे आणि संगणक मी हात लावायच्या आत वाचून मोकळी होते. आम्ही तिला नवीच म्हणतो, आणखी दहा वर्षंही बहुधा तेच म्हणू. तिची पाळी सकाळची, दोनपर्यंत.

गुरुवारी ती डबा पिशवीत टाकत होती. मी नुकतेच दोनचे आकडे लिहून पेन खाली ठेवलं होतं.

"सर, तुम्ही पुन्हा रीडिंगला जायला लागलात, बरं झालं," ती म्हणाली. "सोमवारी तुमचा चेहरा बघून मला वाटलं होतं, बरं नाही की काय."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता बघितलं ना. आतल्या खोलीच्या खिडकीतून. किती वेळ वाकून उभे होतात पेटीपाशी! काल पण. मी म्हटलं, सरांचा नंबर वाढला वाटतं."

 गेला पाऊण तास मी खुर्चीतून उठलो नव्हतो.

"एक विचारू का?" ती दारात थांबली. "एवढे भिजलात कशाने? शर्टातून नुसतं पाणी गळत होतं." मग तिने माझ्या शर्टाकडे बघितलं. तो इस्त्रीचा होता. तिच्या कपाळावर आठी पडली, बराच वेळ पडून राहिली. "उन्हाने झालं असेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि मागे न बघता गेली.

६

पुढचा मंगळवार. नवी प्रशिक्षणाला गेली होती, मी एकटाच होतो. सकाळी मुख्य कार्यालयाचा अंदाज आला. थंड हवेची आघाडी पश्चिमेकडून सरकत आहे, रात्री नऊनंतर वाऱ्याचा जोर वाढेल, दिवसा हवामान कोरडे. अंदाज बांधणारे लोक मूर्ख नसतात. पण त्यांच्या नकाशावर आघाडी म्हणजे एक रेघ असते, आणि रेघ कधी लवकर निघते, कधी उशिरा. म्हणूनच तर खाली आमच्यासारखी माणसं आणि पेट्या ठेवलेल्या असतात. ती रेघ कुठपर्यंत आली हे पेटीपाशी जाऊन बघायला.

बॅरोमीटर खोलीतच आहे, तो मी बघितला. पारा थोडा उतरला होता. दुपारी तो रोजच थोडा उतरतो, आज किंचित जास्त. ओला आणि कोरडा यांतलं अंतर कळलं असतं तर अर्थ लागला असता.

दोन वाजले. पडद्यापलीकडे काही आवाज नव्हता. मी उठलो. खरंच उठलो, दारापर्यंत गेलो, कडीला हात लावला. बाहेर पेटीची कडी वाजली. टिक, असा तिचा एक बारीक आवाज आहे, दार उघडताना होतो. तो मी ओळखतो.

मी परत येऊन खुर्चीत बसलो आणि लिहिलं. कोरडा एकतीस चार, ओला चोवीस सहा.

फोन वाजला.

"साहेब, जाऊ का?"

"किती माणसं आहेत?" मी कधी विचारत नाही.

"अकरा. तुमच्या ताईसाहेब पुढेच बसल्यात. आज डबा विसरल्यात, मला म्हणतात, तुझ्यातलं अर्धं दे." तो हसला. मागून ठमीचा आवाज आला, "बाबांना सांग, आईला नको सांगू म्हणावं!"

 थांब म्हणायला किती वेळ लागतो? पण थांब का, असं त्याने विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? की मी पेटी बघितलेली नाही? आकडे चांगले होते. मी स्वतःच ते चांगले लिहिले होते.

"जा," मी म्हणालो.

किती वेळ तसाच बसलो कोण जाणे. मग पायांना गार लागलं. दाराखालच्या फटीतून थंड हवा येत होती. वाऱ्याने दिशा बदलली होती, आणि त्या पहिल्याच झोताने खिडकीवरची चादर आत फुगून वर उडाली.

पेटी उघडी होती. तिच्यासमोर एक माणूस वाकून उभा होता, पाठ माझ्याकडे. शर्ट अंगाला चिकटलेला, कोपरांवरून पाणी गळत होतं. डोकं पार पेटीच्या आत. आकडा बघायला एवढा वेळ लागत नाही. तो बघत नव्हता. वाट बघत होता.

चादर खाली पडली. मी धावत बाहेर गेलो. पेटीपाशी कोणी नव्हतं, दार मात्र सताड उघडं होतं. ओला छत्तीस आठ. कोरड्याचा पारा माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता, अठ्ठावीस, सत्तावीस. मी मान वर केली. पश्चिमेला, जिथे आठ दिवस दोनच्या वेळेला मी बघितलं नव्हतं तिथे, आभाळाला एक काळी कड आली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. तिच्याखाली धूळ पळत होती.

मी धक्क्यावर फोन लावला. तिकीटवाल्याने उचलला.

"लाँच थांबवा!"

"थांबवू कशी? सुटून दहा मिनिटं झाली. तुम्हीच जा म्हणालात ना, साहेब?"

समोरच्या खिडकीतून खाडी दिसत होती. लाँच मधोमध होती. पाणी अजून तुकतुकीत शांत होतं.

७

अकरा प्रवाशांना वाचवलं. लाँचवाला गेला. लोक सांगत होते की तो बुडत्या लाँचवरून एकेकाला फळ्या, टायर, हाताला येईल ते फेकत होता आणि मग दिसलाच नाही.

ठमी तिच्याच इस्पितळात होती, तिच्याच वॉर्डात, आणि तिच्याच मैत्रिणी तिचा ताप बघत होत्या. दिवेलागणीला मी पोचलो तेव्हा बायको उशाशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पदराने तोंड दाबलं. मी ठमीच्या पायाला हात लावला. गार होता, पण होता. मला रडू कोसळलं. पोरीला ते दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "मी खाली गेले होते. बरीच खाली. पाणी इतकं गार होतं की हातपाय कळेनात. मग मला कोणीतरी कमरेला धरलं आणि वर ढकललं."

"लाँचवाला असेल," बायको म्हणाली. "देवमाणूस होता गं."

"असेल. पण हात गरम होता, आई. त्या पाण्यात सगळ्यांचे हात बर्फ झाले होते. तो हात आत्ता अंथरुणातून उठून आल्यासारखा होता. आणि मानेवर श्वास लागत होता. पाण्याखाली."  "मला भ्रम झाला असेल."

"भ्रमच," मी म्हणालो.

मग तिने माझा हात हातात घेतला. "इथे बाहेर लोक काहीबाही बोलत होते, टेकडीवरच्यांनी सोडलीच कशी म्हणून. मी सगळ्यांना सांगितलं, माझे बाबा पेटी उघडल्याशिवाय आकडा लिहीत नाहीत. उघडली होतीत ना, बाबा?"

बायको माझ्याकडे बघत होती. पलंगाशेजारची नर्स थर्मामीटर झटकायची थांबली होती.

"उघडली होती," मी म्हणालो.

ठमीने डोळे मिटले. तिला झोप हवी होती.

८

आज सकाळी नऊला मी केंद्रावर आलो. दहाला चौकशीचे साहेब येणार आहेत, तेच मागचे. मी ठरवून आलो होतो. ते रजिस्टर उघडतील, दोनच्या चौकटीतले सुबक आकडे बघतील, मी मान खाली घालून उभा राहीन. वादळाची कोणतीही पूर्वसूचना नव्हती. ठमीला जे सांगितलं ते जन्मभर खरं राहील.

रजिस्टर टेबलावर उघडं होतं. मी ते काल बंद करून गेलो होतो.

माझ्या एकतीस चारवर एक आडवी रेघ होती. वर लिहिलं होतं, अठ्ठावीस दोन. चोवीस सहावर रेघ, वर सत्तावीस चार. दोघांत एका अंशाचंही अंतर नव्हतं. ज्याने हे काल दोनला बघितलं असतं त्याने लाँच सोडली नसती. अक्षर डावीकडे झुकणारं, सातला मधे छोटी रेघ देणारं. शेजारी सही. निळी-काळी शाई अजून ओली होती, बोटाला लागली.

मी मागची रजिस्टरं ठेवतो ते कपाट उघडलं. शोधावं लागलं नाही. तीन वर्षांपूर्वीचं रजिस्टर सगळ्यांत वर होतं आणि ते पान आपोआप उघडलं. तिथेही रेघ, वर खरे आकडे आणि सही. आणि दोन्ही पानांवर त्या सहीच्या शेजारी, नियमाप्रमाणे, एक जागा कोरी सोडलेली.

पानं फाडावीत असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू. कागद चिमटीत धरलासुद्धा. तेव्हा टेबलावर, जिथे क्षणापूर्वी काही नव्हतं तिथे, पेन दिसलं. शाईचं, टोपण काढून ठेवलेलं. टोपणाला बांधलेल्या दोऱ्यातून एक एक थेंब टेबलावर पडत होता. मी पेन उचललं. ते आत्ताच कोणाच्या तरी खिशातून काढल्यासारखं गरम होतं.

मानेवर श्वास लागत होता. नाकाने घेतलेला, तोंडाने सोडलेला. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. मला काल ठमीने धरलेला हात आठवला, आणि पाण्याखालचा तो गरम हातही. तो तिला वर का ढकलत होता, हे मला कळायला नको होतं, पण कळलं. ती बुडाली असती तर साहेबांनी मला काही विचारलंच नसतं. पोरगी गमावलेल्या बापाला कोण प्रश्न विचारतं? ती जिवंत होती. तिला उत्तर द्यायचं होतं.

मी तीन वर्षांपूर्वीच्या पानावर सही केली. मग कालच्या पानावर केली. 

खाली टेकडीच्या वळणावर साहेबांची गाडी वाजली. पेन ठेवलं तेव्हा खोलीत एकाच माणसाचा श्वास ऐकू येत होता. तो माझाच आहे ना, हे बघायला मी श्वास रोखला. आवाज चालूच राहिला.